नवव्या पायरीवरची रेंज

१

रविवारी सकाळी सव्वादहाला कार्डाच्या मशीनमधून वीतभर कागद बाहेर आला. रामकिसन काकांनी तो फाडला, पायऱ्या उतरून खाली आणला आणि नेहमीसारखा शिवराजच्या हातात दिला. "वाच रे," म्हणाले.

शिवराजनं एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. शनिवारची कार्डावरची विक्री शून्य होती.

गुलमंडीतलं धानोरकर वस्त्रदालन तळघरात आहे. रस्त्यावरून चौदा पायऱ्या उतराव्या लागतात. भर वैशाखातही खाली गारवा असतो, त्यामुळे लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं निवांत बसतात. अडचण एकच. खाली मोबाइलला रेंज येत नाही. कार्डाच्या मशीनलाही नाही, कारण त्याच्या पोटातही मोबाइलचंच सिम असतं. वायरीचं इंटरनेट होतं, ते रस्ता खोदताना तीन आठवड्यांपूर्वी तुटलं आणि 'उद्या माणूस येतो' याच्या पुढं गेलं नाही.

रेंज येते ती खालून नवव्या पायरीवर. म्हणून गिऱ्हाइकानं कार्ड काढलं की गल्ल्यावरचा माणूस मशीन उचलतो, गिऱ्हाइकाला घेऊन वर जातो, तिथं उभ्या उभ्या पिन दाबून घेतो, चिठ्ठी फाडतो आणि दोघं परत खाली येतात. फोनवरून पैसे द्यायचे तरी हीच चढाई, आणि बस्त्याची रक्कम मोठी असली की फोनची दिवसाची मर्यादा आडवी येते. रोख आणावी, तर लग्नतिथीच्या दिवसांत कोपऱ्यावरच्या एटीएमला दुपारीच 'पैसे नाहीत'चा पुठ्ठा लटकतो. कार्डाच्या मशीनचं तर चार वर्षं असंच चाललं होतं आणि कुणी त्याचं काही मनावर घेत नव्हतं.

शनिवारी तिथी तोंडावर आली होती. बिडकीनचं वऱ्हाड आलं, कन्नडचं आलं, शहरातली तर किती. सात जणांनी कार्डानं पैसे दिले. त्या सातही चिठ्ठ्या टाचणी लावून ड्रॉवरमध्ये होत्या. शिवराजनं बेरीज केली. तीन लाख बारा हजार चारशे पन्नास.

मशीन म्हणत होतं, काल इथं कार्डानं कुणी पैसे दिलेच नाहीत. आणि चिठ्ठ्या तर समोर होत्या.

२

मालक श्रीरंगराव धानोरकर साठीचे, शांत स्वभावाचे. वडिलांच्या मागं दुकान त्यांनी वाढवलं. त्यांनी आधी बँकेच्या मदत क्रमांकावर फोन लावला. त्यासाठी तेही नवव्या पायरीवर गेले. मराठीसाठी तीन दाबा, तक्रारीसाठी पाच दाबा, असं करत वीस मिनिटांनी एक मुलगी बोलायला आली आणि तिनं नाव विचारताच फोन तुटला. दुसऱ्या खेपेला चौदा आकडी तक्रार क्रमांक मिळाला आणि सात कामकाजाचे दिवस थांबा असं उत्तर.

त्यांचा मुलगा हिमांशू गल्ल्याला टेकून हे सगळं बघत होता. पुण्यात व्यवस्थापन शिकून दोन वर्षांपूर्वी परत आला होता. दुकान वर रस्त्यावर न्यावं, मोठ्या काचा लावाव्यात, हिशेब संगणकावर आणावा, असं त्याच्या मनात होतं. वडील ऐकून घेत आणि 'बघू' म्हणत. आता तो म्हणाला की बँकेची चूक असेल असं त्याला वाटत नाही. मशीन दिवसभर ज्यांच्या हातात होतं त्यांनाच आधी विचारायला हवं.

मशीन दिवसभर रामकिसन काकांच्या हातात होतं.

काका मूळचे कन्नडचे. एकतीस वर्षं या गल्ल्यावर बसत होते. नोटा मोजायला त्यांना मशीन लागायचं नाही. खोटी नोट बोटाखाली आली की हात थांबायचा. कार्डाचं यंत्र मात्र त्यांना कधी आवडलं नाही, हे ते लपवत नसत. गिऱ्हाइकाला ते रक्कम मोठ्यानं बोलायला लावत, मग आकडे दाबत. मागाहून वाद नको म्हणून, असं सांगत.

हिमांशूचं बोलणं त्यांनी ऐकलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मालक, रूपाला बोलवा. ती बघंल."

रूपा साळवे म्हणजे मशीनवाली ताई. देवगाव रंगारीचे सांडू साळवे गावात रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या शेजारी बसून ती तारा जोडायला शिकली, पुढं आयटीआय केलं, आणि गेली अकरा वर्षं कार्डाची मशीनं बसवायचं आणि नीट करायचं काम करत होती. कन्नडपासून बिडकीनपर्यंत तिची स्कूटी फिरायची. कुठल्या दुकानात कुठल्या खांबाशी रेंज जाते, हे तिला तोंडपाठ होतं.

तिची एक गोष्ट बाजारात सगळ्यांना माहीत होती. पैठण गेटजवळच्या एका खानावळीतलं मशीन रोज दुपारी एक ते दोन बंद पडायचं. तिघं जण येऊन तीन मशीनं बदलून गेले. रूपा आली, तिनं मशीनला हातही लावला नाही. ताट मागवलं आणि सावकाश जेवली. जेवता जेवता तिनं पाहिलं, की गर्दीच्या वेळी वाढपी स्टीलची दोन मोठी पिपं आणून मशीनपुढंच ठेवतो. ती तिनं सरकवायला लावली. त्या दिवसापासून मशीन बंद पडलं नाही.

अर्ध्या तासात ती आली. खांद्याला पिशवी, हेल्मेटखाली ओढणी घट्ट बांधलेली. तिनं मशीन उलटं केलं, कागदाच्या रोळाचं झाकण उघडलं आणि आत बघून म्हणाली, "हे मीच बसवलेलं मशीन हाय. आत माझ्या अक्षरात तारीख लिहिलेली हाय. मशीन खोटं बोलत नाय साहेब. काल यावर खरंच काही झालेलं नाय."

३

रूपानं चहा घेतला आणि एकेकाला बाजूला बसवून कालचा दिवस विचारला. ती मशीनच्या रेंजची माहिती घेते आहे असंच सगळ्यांना वाटलं. प्रश्न साधेच होते. गल्ल्यावर कोण कधी होतं, कार्ड कुणी घेतलं, वर किती खेपा झाल्या, मशीन रात्री कुठं ठेवतात.

काकांनी सांगितलं की सकाळी दुकान ते उघडतात. काल सकाळी दोन कार्डं त्यांनी घेतली, संध्याकाळी दोन. चारही वेळा वर गेले. गुडघे दुखतात, पण सवय आहे. सव्वा ते सव्वादोन ते जेवायला मागच्या खोलीत होते.

शिवराज बारा वर्षं साड्या दाखवायचं काम करत होता. गप्पिष्ट माणूस, पण आज त्याचा चेहरा उतरला होता. गेल्या महिन्यात भावाच्या दवाखान्यासाठी त्यानं उचल मागितली होती आणि हिमांशूनं नाही म्हटलं होतं, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. रूपानं न विचारताच त्यानं ते सांगून टाकलं. काका जेवायला गेल्यावर थोडा वेळ गल्ल्यावर तो बसला होता. एक कार्ड घेतलं, वर जाऊन. मग एक नवरीकडची मंडळी आली म्हणून तो साड्यांकडं गेला. रोज सकाळी मशीन चार्जिंगवरून काढून गल्ल्यावर ठेवायचं कामही त्याचंच.

त्याच्यानंतर गल्ल्यावर हिमांशू बसला. दोन कार्डं त्यानं घेतली. दोन्ही वेळा वर गेलो, असं त्यानं सांगितलं. वरच्या पायऱ्यांवर ऊन उतरलं होतं आणि गिऱ्हाईकबाई कुरकुरत होत्या, हेही त्याला आठवत होतं. रात्री कुलूप लावायचं काम त्याचं. काल काही वेगळं दिसलं नाही, असं तो म्हणाला.

रूपानं सगळं वहीत लिहून घेतलं. मग तिनं सात चिठ्ठ्या मागितल्या आणि शुक्रवारच्या चार. अकराही चिठ्ठ्या काउंटरवर पसरून ती वाकून वाचत राहिली. रकमा तिनं बघितल्याच नाहीत. चिठ्ठीच्या माथ्यावर बारीक, फिकट इंग्रजी अक्षरांत दुकानाचं नाव छापलेलं असतं, जे गिऱ्हाईक वाचत नाही आणि दुकानदारही वाचत नाही. तिनं तेवढंच वाचलं.

वाचून झाल्यावर तिनं श्रीरंगरावांना जवळ बोलावलं. शुक्रवारच्या चिठ्ठ्यांवर 'धानोरकर वस्त्रदालन' होतं. शनिवारच्या सातही चिठ्ठ्यांवर 'धानोरकर वस्त्रभांडार'.

"तुमचं दुसरं दुकान हाय का?" तिनं विचारलं.

श्रीरंगरावांचं दुसरं दुकान नव्हतं.

४

म्हणजे काल गल्ल्यावर दुसरं मशीन होतं. ही मशीनं एकाच साच्यातली असतात, बँक वेगळी असली तरी. सकाळी कुणीतरी दुकानाचं मशीन उचललं, तिथं दुसरं ठेवलं आणि रात्री परत बदललं. दिवसभराचे पैसे त्या दुसऱ्या मशीनच्या खात्याकडं निघाले होते.

निघाले होते, पण पोचले नव्हते. रविवारची सुट्टी मध्ये आली होती. सोमवारी सकाळी ते खात्यात पडतील, आणि एकदा पडले की काढायला वेळ लागत नाही. खातं कुणाचं हे बँक पोलिसांच्या पत्राशिवाय सांगणार नाही आणि त्याला आठवडा जाईल. रक्कम मात्र आजच अडवता येईल. रूपाच्या सांगण्यावरून श्रीरंगरावांनी चिठ्ठीवरचा मशीनचा क्रमांक घालून त्या मशीनच्या बँकेला मेल लिहिला आणि नवव्या पायरीवर जाऊन पाठवला. रूपानं त्या बँकेतल्या ओळखीच्या माणसाला फोन करून तो उघडून वाचायला लावला. पैसे थांबले.

आता प्रश्न उरला तो माणसाचा.

अशा नावाचं खातं काढायला दुकानाचा परवाना आणि विजेचं बिल लागतं, असं रूपा म्हणाली. ते कागद कुठं असतात, हे तिनं विचारलं. ते लोखंडी कपाटात असतात आणि किल्ली काकांकडं असते.

रूपानं शनिवारची एक चिठ्ठी काकांपुढं धरली. रोज हातात घेता, काल नाव वेगळं दिसलं नाही का, असं तिनं विचारलं; मग म्हणाली, जरा वाचून दाखवा.

काकांनी चिठ्ठी घेतली. बराच वेळ धरून ठेवली. मग म्हणाले, "चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. काडी बाहेर दिसत होती.

हिमांशूनं ते बोटानं दाखवलं. त्यानं शांतपणे एकेक सांगितलं. दुकान उघडतात काका. मशीन दिवसभर त्यांच्या हातात. कपाटाची किल्ली त्यांच्याकडं. मशीनचा राग त्यांना पहिल्यापासून. आणि आता साधी चिठ्ठी वाचायला सांगितली तर खोटं बोलतात. "बाबा, अजून काय पुरावा हवा? चोर तुमच्यासमोर उभा आहे."

साड्या बघत बसलेल्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या. श्रीरंगरावांनी काकांकडं पाहिलं. काकांनी नाही म्हणावं, असं त्यांना वाटत होतं. काकांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडवला, काउंटरवर ठेवला आणि जिन्याकडं वळले.

५

रूपा त्यांच्यामागून गेली. काका जिन्यात भिंतीला हात लावून उभे होते. ती खालच्या पायरीवर बसली आणि तिनं त्यांनाही बसायला लावलं.

तिला जे वाटत होतं ते तिनं हळूच विचारलं. रोजचा कागद शिवराजला वाचायला देता. गिऱ्हाइकाला रक्कम बोलायला लावता. आकडे दाबताना मधल्या पाचवरची उंच टिकली बोटानं शोधता. दिसत नाही का नीट?

काकांनी मान हलवली. दोन वर्षं झाली, मोतीबिंदू. माणसं दिसतात, मोठे आकडे दिसतात, बारीक अक्षर म्हणजे नुसता धूर. घरी फक्त बायकोला माहीत. दुकानात कळलं तर हिमांशू एक दिवस ठेवणार नाही, आणि एकतीस वर्षांनी आंधळा म्हणून गल्ल्यावरून उठायचं हे त्यांना सोसणारं नव्हतं.

"पन दोन वर्षांत एक रुपया चुकला नाय पोरी," ते म्हणाले. "नोट बोटाला कळती."

रूपाला ते खरं वाटलं. रोज दुसऱ्याचं बोलणं ऐकून आणि बोटांनी चाचपून लाखोंचा गल्ला बिनचूक सांभाळणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता. ही गोष्ट मी सांगणार नाही, असं तिनं त्यांना सांगितलं. सांगायची का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त आत्ता दुकान सोडून जाऊ नका. गेलात तर लोक म्हणतील, पळाला.

काका तिथंच बसून राहिले. रूपा खाली आली. तिनं पिशवीतून चार कंपन्यांची चार सिम काढली आणि एकेक आपल्या तपासणीच्या मशीनमध्ये घालून गल्ल्यावर ठेवलं. पहिलं मुकं. दुसरं, तिसरं मुकं. चौथं घातलं आणि रेंजच्या दोन काड्या उभ्या राहिल्या. मागच्या इमारतीवर त्या कंपनीचा टॉवर नुकताच लागला होता. दुकानाच्या मशीनमध्ये बँकेनं दुसऱ्याच कंपनीचं सिम दिलेलं आणि दुकानातल्या माणसांचे फोनही इतर कंपन्यांचे असल्यामुळे हे कुणाला कधी कळलंच नव्हतं.

रूपा थोडा वेळ त्या दोन काड्यांकडं बघत राहिली. मग जिन्यावरच्या कॅमेऱ्याचं कालचं चित्रण लावा म्हणाली.

हिमांशू म्हणाला की त्यानं सकाळीच बघितलंय, काही उपयोग नाही. कॅमेऱ्यात फक्त जिना दिसतो. सगळेच पिशव्या घेऊन येतात-जातात. मशीन कुणी आणलं ते कळत नाही.

"मला मशीन आणणारा नाय बघायचा," रूपा म्हणाली.

६

चित्रण बघायला पाऊण तास लागला. रूपा सात चिठ्ठ्या हातात घेऊन बसली होती. चिठ्ठीवर वेळ छापलेली असते. ती वेळ सांगायची आणि शिवराज चित्रण तिथं आणून थांबवायचा.

अकरा वीस. काका मशीन घेऊन वर चढताना दिसले, मागं टोपीवाला म्हातारा. बारा पाच. पुन्हा काका. एक पस्तीस. शिवराज, बरोबर एक बाई आणि तिची मुलगी. साडेचार आणि सहा दहा. दोन्ही वेळा काका, गुडघ्यावर हात ठेवत.

मधल्या दोन चिठ्ठ्या राहिल्या होत्या. एक पन्नास आणि दोन पाच. एक चाळीसपासून सव्वादोनपर्यंत मशीन घेऊन कुणीच जिना चढलं नाही. पिशव्या घेतलेली गिऱ्हाइकं तेवढी वर गेली, आणि एक मांजर उतरून परत गेलं.

रूपानं त्या दोन चिठ्ठ्या वेगळ्या काढून श्रीरंगरावांपुढं ठेवल्या. तिचा आवाज वाढला नाही.

"साहेब, कालच्या मशीनमधलं सिम खाली चालणारं होतं. इथं बसल्याबसल्या चिठ्ठी निघत होती. पन हे काकांना माहीत नव्हतं, म्हणून ते चार खेपा वर गेले. शिवराजभाऊंना माहीत नव्हतं, तेबी गेले. ज्यानं मशीन आणलं, त्यालाच ठाऊक होतं की वर जायची गरज नाय. या दोन चिठ्ठ्या खाली निघाल्या. त्या वेळंला गल्ल्यावर कोण होतं, ते त्यांनीच मला सांगितलंय."

श्रीरंगराव मुलाकडं वळले.

हिमांशूनं सावरून घ्यायचा प्रयत्न केला. घाई होती, दोन गिऱ्हाइकं एकदम आली, त्यानं सहज खालीच करून बघितलं आणि ते झालं. यात काय गुन्हा?

"मग मघाशी वर गेलो म्हणून कामून सांगितलं?" रूपानं विचारलं. "वरचं ऊनबी सांगितलं तुम्ही."

रूपा तिथंच थांबली नाही, आणि शिवराज पुढं बाजारात सांगायचा की त्याला ताईचं मोठेपण कळलं ते तिच्या यानंतरच्या बोलण्यात.

"समजा सहज लागलं," ती म्हणाली. "चार वर्षांत पहिल्यांदा खाली रेंज आली. दुकानातल्या कुणालाबी ही केवढी खुशीची बातमी. माणूस वरडून सांगंल. तुम्ही कुणाला सांगितलं नाय. साडेचारला काका तुमच्यासमोरून मशीन घेऊन उठले, त्या गुडघ्यांनी वर गेले. सहा वाजता पुन्हा गेले. तुम्ही बसून बघत होता."

हिमांशूनं वडिलांकडं बघितलं आणि मग नजर खाली घातली. खिशातून गाडीची किल्ली काढून काउंटरवर ठेवली. शिवराज जाऊन आला. डिकीत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं मशीन होतं, हुबेहूब तसंच.

७

पैशासाठी केलं नाही, असं हिमांशू म्हणाला. ते खरंच होतं. प्रदर्शनांत स्टॉल लावायच्या विचारानं दोन महिन्यांपूर्वी त्यानं वडिलांना न सांगता ते खातं काढलं होतं. कपाटातले कागद घेतले होते, काकांकडूनच किल्ली मागून. पुढं ते मशीन पडून राहिलं. काका आहेत तोवर दुकान बदलणार नाही आणि बाबा काकांना कधीच घरी बसवणार नाहीत, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. एका दिवसाचे पैसे गायब झाले, ठपका काकांवर आला, ते आपणहून गेले, की महिन्याभरात पैसे बँकेतून 'सापडले' असं दाखवायचं, असा बेत होता. कुणाचं नुकसान होणार नाही असं त्याला वाटत होतं.

"कुणाचंच नाही?" श्रीरंगरावांनी एवढंच विचारलं.

मग ते स्वतः जिन्यात गेले आणि काकांना हाताला धरून खाली घेऊन आले. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी काकांच्या हातात दिला. पोलिसांत तक्रार करायची का नाही, ते रामकिसनरावांनी ठरवावं, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. माझा मुलगा आहे म्हणून मागंपुढं बघू नका.

काका थोडा वेळ जुडगा चाचपत राहिले.

"पोलिसात नको," ते म्हणाले. "मला सगळ्यांसमोर चोर म्हनला, ते सगळ्यांसमोर परत घ्यावं. आन माझ्या घरी येऊन बायकोला सांगावं. एव्हाना कुणीतरी तिला फोन केला असंल." आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "मालक, म्याबी एक लपवलंय. माझे डोळे गेलेत. चिठ्ठी वाचता येत न्हवती म्हणून खोटं बोललो. दोन वर्षं झाली. आता तुम्ही काय ते ठरवा."

रूपानं त्यांच्याकडं चमकून पाहिलं. तिनं ते कुणाला कळू दिलं नव्हतं आणि प्रकरण त्यावाचूनच मिटलं होतं. आता गप्प राहिले असते तर काकांचं काही अडलं नसतं.

दोन वर्षांत गल्ला एकदाही चुकला नव्हता, हे श्रीरंगरावांइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, की मोतीबिंदू काढायला किती दिवस लागतात.

रूपानं चौथ्या कंपनीच्या सिमसाठी बँकेचा अर्ज भरून घेतला, वर श्रीरंगरावांची सही घेतली. त्यांनी पाकीट पुढं केलं, ते तिनं घेतलं नाही. रविवारच्या फेरीचा भत्ता कंपनी देते, म्हणाली. सिडकोतल्या एका औषधाच्या दुकानात मशीन अडलं होतं आणि तिथं लोक खोळंबले होते. शिवराज तिला वरपर्यंत सोडायला गेला. स्कूटी वळेपर्यंत तो उन्हात उभा होता.

हिमांशूनं साड्या बघायला आलेल्या बायकांसमोर, शिवराजसमोर आणि वडिलांसमोर सगळं पुन्हा सांगितलं. काकांना चोर म्हटलं होतं, तो शब्द परत घेतला.

दिवेलागणीला तो हर्सूलला काकांच्या घरी गेला. काकांच्या बायकोला, चंपाबाईंना, खरंच दुपारी तीन फोन आले होते. त्या दारातच बसल्या होत्या. हिमांशू लहान असताना दुकानातून काकांच्या सायकलवर बसून इथं यायचा आणि त्यांच्या हातची शेंगदाण्याची चटणी-भाकर खाऊन जायचा. आज त्यांनी त्याला बस म्हटलं नाही. त्यानं उभ्यानंच सांगितलं. काका आत पाठ करून बसले होते.

चंपाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. उठून आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला.

"उद्या यांला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचंय," त्या म्हणाल्या. "नऊला गाडी घेऊन ये."

तो पावणेनऊलाच आला.